ताटीपासून कॉइलपर्यंत : वऱ्हाडातल्या गारव्याची गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वऱ्हाडातल्या माणसाला उन्हाळा समजावून सांगावा लागत नाही. माझं गाव आसेगाव, मंगरूळपीर तालुक्यातलं, वाशीम जिल्ह्यातलं. चैत्र संपता संपता पारा चाळिशी ओलांडतो आणि रोहिणी नक्षत्रातला नवतपा संपेपर्यंत खाली यायचं नाव घेत नाही. २०२४ च्या मे महिन्यात शेजारच्या अकोला जिल्ह्यात उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हाधिकाऱ्यांना १४४ कलम लावावं लागलं, हे आपल्याला आठवत असेल. एरवी दंग्याधोप्यासाठी वापरायचं कलम उन्हासाठी वापरायची वेळ आली.

मी आयुष्यभर विजेचं काम केलं आणि मुलांना तेच शिकवलं. आता आमच्याकडच्या घरांमध्येही भिंतीवर पांढरी लांबट पेटी दिसू लागली आहे. दुकानदार तिला ‘स्प्लिट एसी’ म्हणतो. तंत्राच्या भाषेत ती ‘फॅन कॉइल’, म्हणजे एक पंखा आणि तांब्याच्या नळ्यांची एक जाळी. तिचा बाहेरचा जोडीदार उष्णता उपसून बाहेर टाकतो, म्हणून त्या सगळ्या यंत्राला ‘हीट पंप’, उष्णतेचा पंप, म्हणतात. विहिरीतलं पाणी जसं मोटर उपसते, तशी घरातली उष्णता हे यंत्र उपसतं. हे यंत्र आपल्या भिंतीवर कुठून कुठून फिरत आलं आणि ते बसवताना कशाचं भान ठेवायचं, हे आज आपण पाहू.

यंत्र नव्हतं तेव्हा घर हेच यंत्र होतं. आमच्याकडची जुनी घरं धाब्याची. लाकडी सरे, त्यावर फळ्या किंवा काड्या आणि वर हात-दीड हात पांढऱ्या मातीचा थर. भिंतीही तशाच जाड. दिवसभराचं ऊन त्या मातीत मुरायचं आणि ते आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. तोवर माणसं बाजा उचलून अंगणात आलेली असायची. सिमेंटच्या स्लॅबने आपल्याला पावसाळ्यातल्या गळतीतून सोडवलं, पण चार-पाच इंचांचा हा स्लॅब दुपारी तव्यासारखा तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती धग आत सोडत राहतो. टिनाच्या घराची तर गोष्टच वेगळी. कूलरची गरज वाढली ती नुसत्या उन्हामुळे वाढली नाही, छपरामुळेही वाढली.

दुसरा उपाय पाण्याचा. वाळ्याच्या मुळ्यांची ताटी दाराखिडकीला लावायची आणि तिच्यावर पाणी मारत राहायचं. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशहाच्या वाळ्याच्या खोल्यांचा उल्लेख केला आहे. बांबूच्या चौकटीत वाळा भरायचा, वर पाणी शिंपडायचं, की भर उन्हाळ्यात हिवाळा वाटायचा. याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचंही वर्णन आहे आणि त्यात बाशीम, म्हणजे आपलं वाशीम, एक ‘सरकार’ म्हणून नोंदलेलं आहे. बादशहाच्या खोलीतला गारवा आणि आमचा मुलूख असे एकाच पुस्तकात शेजारी आहेत. अर्थात तो गारवा आमच्या मुलखातल्या कुणब्यापर्यंत यायला आणखी चारशे वर्षं लागायची होती.

ओल्या ताटीतून वारा गेला की तो थंड का होतो? पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता पाणी त्या वाऱ्यातूनच घेतं. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता शोषली जाते, तेवढी विजेच्या शेगडीने निर्माण करायची तर सुमारे दोन तृतीयांश युनिट वीज जाळावी लागेल. माठातलं पाणी गार होतं ते याच न्यायाने. मे महिन्यातली आमची हवा कोरडी खटखटीत असते, म्हणून हा उपाय वऱ्हाडात चालतो आणि कोकणात चालत नाही. बेचाळीस अंशांच्या कोरड्या हवेतून चांगला कूलर सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचा वारा देऊ शकतो. मृग बरसला, हवेत दमटपणा आला, की तोच कूलर नुसता ओलसर वारा फेकतो.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी हीच ताटी उचलली. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार त्यांच्याकडे आला. बाशीम हा त्यांच्या काळात स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि वाशीम पुन्हा जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावा लागला. ज्यांना शक्य होतं ते साहेब उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जात. ज्यांना खाली राहावं लागे त्यांच्यासाठी छताला टांगलेला कापडी पंखा असे आणि त्याची दोरी ओढायला व्हरांड्यात एक माणूस बसलेला असे.

१८३० च्या सुमारास हिंदुस्थानातल्या साहेबलोकांनी ‘थर्मँटिडोट’ नावाचं एक यंत्र वापरायला सुरुवात केली. नाव जडजंबाल, पण वस्तू आपल्या ओळखीची. धान्य उफणायचा पंखा एका पेटीत बसवायचा, पेटीला वाळ्याच्या ओल्या ताट्या लावायच्या आणि ती पेटी खिडकीला जोडायची. बाहेर एक माणूस दांडा फिरवतो, आत गार वारा येतो. श्रोतेहो, आपला आजचा कूलर याहून वेगळा काय आहे? माणसाच्या जागी मोटर आली आणि पाणी मारणाऱ्याच्या जागी छोटा पंप आला, एवढाच फरक.

मात्र त्या दांडा फिरवणाऱ्या माणसाकडे थोडं थांबून पाहिलं पाहिजे. आत जो गारवा होता त्याची किंमत हा माणूस बाहेरच्या उन्हात मोजत होता. दोरी ओढता ओढता डुलकी लागली म्हणून पंखेवाल्याला साहेबाची लाथ बसल्याच्या हकिकती त्या काळच्या लिखाणात सापडतात. गारव्याचा कोणताही उपाय घ्या, आतली उष्णता कुठे तरी जावी लागते आणि ते कष्ट कोणाला तरी करावे लागतात. विज्ञानही हेच सांगतं. गारवा असा काही तयार होत नाही, उष्णता इथून उचलून तिथे ठेवावी लागते.

ही उचलठेव यंत्राने कशी करायची, याचा शोध युरोपात चालला होता. १७४८ मध्ये ग्लासगोला विल्यम कलन यांनी इथरची वाफ करून कृत्रिम थंडावा निर्माण करून दाखवला. १८३४ मध्ये जेकब पर्किन्स यांनी अशा यंत्राचं पेटंट घेतलं, ज्यात तीच वाफ पुन्हा दाबून द्रव करायची आणि परत वापरायची सोय होती. गंमत म्हणजे त्याच सुमारास, १८३३ मध्ये, अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून जहाजाने कलकत्त्याला आणला गेला. निम्मं जग ओलांडूनही त्यातला बराच बर्फ शिल्लक होता.

१८५२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी एक विचार मांडला. एडिंबरोचे खगोलशास्त्रज्ञ चार्ल्स पियाझी स्मिथ त्या वेळी उष्ण कटिबंधातल्या घरांची हवा यंत्राने थंड करण्याच्या खटपटीत होते. थॉमसन यांनी दाखवलं की जे यंत्र घर थंड करेल तेच उलट चालवलं तर घर गरमही करेल, आणि तेही नुसतं इंधन जाळण्यापेक्षा कमी खर्चात, कारण उष्णता निर्माण करण्यापेक्षा ती वाहून आणणं स्वस्त पडतं. हीट पंपाची कल्पना ती हीच. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या नगरभवनात नदीच्या थंड पाण्यातून उष्णता उपसून इमारत ऊबदार ठेवणारं यंत्र बसलं.

आता त्या पंखा आणि जाळीकडे वळू. ही जोडी नावारूपाला आली ती छापखान्यात, हे वर्तमानपत्राच्या वाचकांना आवडेल. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका छापखान्यात उन्हाळ्याच्या दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगीत छपाईत एक रंग दुसऱ्या रंगावर नीट बसायचा नाही. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने थंड नळ्यांच्या जाळीवरून पंख्याने हवा फिरवली. हवा गार झाली आणि तिच्यातलं पाणी नळ्यांवर दवासारखं जमून गळून गेलं. माणसाला गार वाटावं हा हेतू तेव्हा नव्हताच, कागद सरळ राहावा एवढाच होता. आज आपल्या एसीच्या नळीतून थेंब थेंब पाणी गळतं, ते त्याच दवाचं.

आपल्या देशात ही हवा आधी श्रीमंतांच्या वाट्याला आली. १९३३ मध्ये मुंबईत कुलाब्याला रीगल चित्रपटगृह सुरू झालं, ते वातानुकूलित होतं. १९३४ मध्ये मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलला गार डबा जोडला गेला, पण त्यात बर्फाच्या लाद्या ठेवून त्यावरून वारा फिरवत. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये मुंबईत व्होल्टास कंपनी स्थापन झाली. बर्फाची ती आठवण आजही आपल्या तोंडात आहे. आपण ‘दीड टनाचा एसी’ म्हणतो तेव्हा यंत्राचं वजन सांगत नसतो. सुमारे ९०७ किलो, म्हणजे अमेरिकन मापाचा एक टन, बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल तेवढी उष्णता उपसणारं यंत्र एक टनाचं. दीड टनाचं यंत्र सव्वापाच किलोवॉट उष्णता बाहेर टाकतं आणि त्यासाठी साधारण दीड किलोवॉट वीज घेतं. एकाला साडेतीनचा हा हिशेब हीट पंपाचं वैशिष्ट्य आहे.

खेड्यापर्यंत गारवा आणला तो मात्र कूलरने, आणि त्याआधी वीज यावी लागली. २० जून १९६० ला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. त्याच दशकात अकोला जिल्ह्यात पारसचं औष्णिक केंद्र वीज देऊ लागलं. तारा गावोगाव पोचल्या. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात १९३० च्या दशकात लोक विजेचा पंखा आणि ओल्या लाकडी कातरीच्या चौकटी एकत्र करून वारा गार करू लागले होते. तोच ‘डेझर्ट कूलर’ विदर्भात आला आणि आमच्या वेल्डिंगवाल्यांनी त्याला आपलंसं केलं. पत्रा वाकवायचा, लोखंडी अँगलचा सांगाडा, बाजारातली मोटर, पाव इंची नळ्या आणि खाली पाण्याची टाकी. कंपनीच्या नावाची कोणाला फिकीर नव्हती. खिडकीचं माप सांगितलं की चार दिवसांत कूलर तयार. दांडा फिरवणारा माणूस उन्हातून सुटला आणि सामान्य माणसाच्या घरात गार वारा आला. ही लहान गोष्ट नाही.

पण याच कूलरने आमच्याकडे माणसंही नेली. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत ‘कूलरचा शॉक लागून मृत्यू’ ही बातमी येते आणि दर उन्हाळ्यात वीज कंपनी सावधगिरीचं आवाहन करते. मी अशी घरं आतून पाहिली आहेत. कूलरमध्ये पाणी टाकायला गेलेली बाई, बॉल काढायला गेलेलं पोर. लोखंडी पत्रा, खाली पाणी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि पाण्यात बुडालेला स्वस्त पंप. पंपाच्या वायरचं आवरण एका जागी जरी उलगडलं तरी २३० व्होल्ट पत्र्यावर येऊन थांबतात आणि वाट पाहतात. माणसाच्या शरीरातून ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह थोडा वेळ जरी गेला, तरी श्वास आणि हृदय थांबू शकतं. एका साध्या बल्बच्या प्रवाहाच्याही तो कितीतरी कमी.

यावर उपाय एका तिसऱ्या तारेत आहे. तीन पिनांच्या प्लगमधली ती जाड, लांब पिन. ती यंत्राच्या पत्र्याला जमिनीशी जोडते. पत्र्यावर वीज आली तर माणसापेक्षा सोपी वाट तिला ही तार देते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. प्लगची लांब पिन बोर्डात बसत नाही म्हणून कापून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यांनी पिन कापली नाही, घरातल्या माणसाचा आधार कापला.

इथे आमच्या मातीचा एक गुण सांगायला हवा. वऱ्हाडची काळी माती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात फाटते. इतक्या रुंद भेगा पडतात की काठी आत जाते. ओली माती वीज चांगली वाहते, सुकलेली माती नाही. म्हणजे पाहा, कूलर ज्या महिन्यांत रात्रंदिवस चालतो, नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंगचा खड्डा सर्वांत कोरडा आणि निकामी असतो. पावसाळ्यात तपासलेलं अर्थिंग मे महिन्यात खात्रीचं नसतं. म्हणूनच जुने वायरमन खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालत आणि वर पाणी ओतायला नळी ठेवत. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ वाहकता वाढवतं. पण ते पाणी ओतायचं कोणी तरी लक्षात ठेवावं लागतं.

दुसरी राखण आहे ती आरसीसीबीची. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत कामगारांना विजेपासून वाचवण्यासाठी या उपकरणावर महत्त्वाचं काम झालं. युक्ती सोपी आहे. एका तारेने गेलेला प्रवाह दुसऱ्या तारेने तेवढाच परत आला पाहिजे. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो कुठे तरी गळतो आहे, कदाचित माणसातून, असं समजून हे उपकरण डोळ्याचं पातं लवण्याआधी वीज तोडतं. एमसीबी तारांना जळण्यापासून वाचवतो, आरसीसीबी माणसाला वाचवतो. अनेक घरांत पहिला आहे, दुसरा नाही.

आता ती पांढरी पेटी. ती बसवायला येणारी मुलं बहुधा आयटीआय झालेली असतात. १९५० मध्ये देशात कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, त्या झाडाची ही फळं. त्यांचं काम नीट झालं की नाही हे घरमालकालाही पाहता यावं. आतली पेटी पाणसळीत बसवावी आणि भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं असावं, म्हणजे दवाचं पाणी घरात न येता बाहेर जाईल. तांब्याच्या दोन नळ्या असतात, एक बारीक, एक जाड. दोन्हींना वेगवेगळं फोमचं आवरण हवं. नळ्या जोडल्यावर आतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने ओढून काढावी लागते. नुसता थोडा गॅस सोडून हवा हाकलणं हे आळशाचं काम, आणि आजच्या यंत्रांत तर धोक्याचंही. जुना आर-२२ वायू ओझोनच्या थराला मारक ठरला, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर जग त्यापासून दूर जाऊ लागलं. आज अनेक घरगुती यंत्रांत आर-३२ असतो. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण थोडा ज्वलनशील आहे, आणि वातावरणाची तापमानवाढही करतो. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली, ती अशाच वायूंचा वापर पुढे कमी करण्यासाठी.

वायरिंगचं सूत्र एकच : एसीला स्वतःची वाट द्या. मीटरशेजारच्या डीबीपासून थेट वेगळी लाइन, दीड टनाला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, वेगळा एमसीबी, आरसीसीबी आणि अर्थिंगची तार. पंख्याच्या बोर्डातून तार ओढून एसी चालवला तर तार भिंतीच्या आत तापते आणि आपल्याला दिसत नाही. आतली आणि बाहेरची पेटी एकमेकींना एका केबलने जोडतात. तिच्यात फेज, न्यूट्रल, अर्थ आणि बहुतेक यंत्रांत दोन्ही पेट्यांचं बोलणं चालू ठेवणारी एक निरोपाची तार असते. दोन्हीकडचे आकडे जुळले पाहिजेत. निरोपाच्या जागी फेज गेला की इलेक्ट्रॉनिक कार्ड तिथेच जळतं.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी कुटुंबांकडे जाल तर हीच फॅन कॉइल माळ्यावर किंवा तळघरात उभ्या कपाटासारखी दिसते. तिथून पत्र्याच्या बोगद्यांनी सगळ्या खोल्यांत हवा जाते. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला फक्त २४ व्होल्टच्या बारीक तारा असतात आणि प्रत्येक तारेला एकेक अक्षर. त्यातली एक तार वायूच्या वाटेवरची झडप फिरवते. झडप फिरली की उन्हाळ्यात घर गार करणारं यंत्र हिवाळ्यात बाहेरच्या थंडीतून उष्णता ओढून घर ऊबदार करतं. थॉमसन यांनी १८५२ मध्ये कागदावर मांडलेली गोष्ट आज आपल्याच घरच्या मुली-सुना तिथे एक बटण दाबून वापरतात.

आमच्याकडे ऊब विकत घेण्याची गरज फारशी पडत नाही. आमचा प्रश्न बाहेर टाकलेल्या उष्णतेचा आहे. बाहेरची पेटी गल्लीत गरम वारा फेकते आणि तो समोरच्या टिनाच्या घरात शिरतो. दांडा फिरवणारा माणूस गेला, पण त्याच्या जागी आता शेजारी बसला आहे. पेटी कुठे टांगायची, तिचं तोंड कुठे करायचं, हे ठरवताना त्याचाही विचार व्हावा. एसी २४ ऐवजी २६ अंशांवर ठेवून जोडीला छताचा पंखा लावला तर बिलही कमी येतं, गावच्या डीपीवरचा भारही हलका होतो आणि गल्लीतली धगही. स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात मारला तर खोलीत शिरणारं ऊनच कमी होतं.

येत्या रविवारी एवढं करा. कूलरचा प्लग काढून त्याला तीन पिना आहेत का पाहा. जाणकार वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या आणि असेल तर त्यावरचं चाचणीचं बटण दाबून तो पडतो का पाहा. कूलरमध्ये पाणी टाकण्याआधी प्रत्येक वेळी प्लग काढायचा, ही सवय घरातल्या लहान पोराला लावा. आणि नवतपा लागायच्या आत अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. माठ भरतो तशी त्याचीही आठवण ठेवायची.